क्रूझचं बुकिंग खरं होतं, तरीही आम्ही फसलो

बॅलार्ड पिअरच्या काउंटरवरच्या मुलीने आमची चारही आधार कार्डं पाहिली, बुकिंग नंबर टाकला, पुन्हा एकदा टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, हे बुकिंग १५ नोव्हेंबरलाच कॅन्सल झालंय." माझ्या मागे आई बॅगेला बांधलेला टॅग सरळ करत होती. ते टॅग मी आदल्या रात्री प्रिंट काढून, पुठ्ठ्यावर डकवून, सुतळीने बांधले होते. त्यांवर केबिनचा नंबरसुद्धा होता.

आई, बाबा, नवरा आणि मी, असे चौघं डोंबिवलीहून टॅक्सीने आलो होतो. बाबांना फुप्फुसांचा जुना त्रास आहे, डॉक्टरांनी विमानप्रवास टाळायला सांगितलंय. मुंबईतच बोटीत बसायचं आणि आठवड्याने मुंबईतच उतरायचं, हे त्यांच्यासाठी फार सोयीचं वाटलं. शिवाय आई देवगडची. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची, मग पडावात उतरायचं. लक्षद्वीपलाही क्रूझचं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या पडावासारखंच की गं!" त्याच संध्याकाळी तिने न्यायच्या कपड्यांची यादी करायला घेतली.

जाहिरात फेसबुकवर दिसली होती. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलायचा, मला ताई आणि आईला आजी म्हणायचा. बाबांच्या औषधांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा, हेसुद्धा त्याने आठवणीने सांगितलं. पाच रात्रींची लक्षद्वीपची फेरी आणि तिला जोडून दोन रात्रींची गोव्याची, असा आठवडा त्याने बसवून दिला. बाल्कनीच्या दोन केबिन, चौघांचे मिळून २,३६,००० रुपये. सप्टेंबरमध्ये २५ टक्के, म्हणजे ५९,००० भरले आणि दोन दिवसांत दोन फेऱ्यांचे दोन बुकिंग नंबर आले.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. जहाज कंपनीला स्वतः फोन लावून पहिला नंबर तपासला. नावं बरोबर, तारीख बरोबर, केबिन बरोबर. "हो मॅडम, बुकिंग आहे," असं मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या एका फोनने माझी सगळी शंका मिटली, आणि नेमकी तिथेच मी फसले. म्हणून हे लिहिते आहे.

त्याने बुकिंग खरोखरच केलं होतं, पण फक्त आगाऊ रकमेवर. उरलेली रक्कम ठरलेल्या तारखेपर्यंत कंपनीकडे पोचली नाही की असं बुकिंग आपोआप रद्द होतं. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी बाकीचे १,७७,००० त्याला दिले. यूपीआयची मर्यादा दिवसाला एक लाखाची, म्हणून एका दिवशी एक लाख आणि दुसऱ्या दिवशी ७७,०००. त्यातला एक रुपयाही कंपनीकडे गेला नाही. बुकिंगमध्ये संपर्कासाठी त्याने स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल दिला होता. त्यामुळे रद्द झाल्याचा निरोप आमच्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. नियमाप्रमाणे जो काही परतावा निघाला, तोही बुकिंग करणाऱ्याला, म्हणजे त्यालाच गेला. बोर्डिंग पास आणि टॅग त्याने घरबसल्या बनवून पाठवले. गोव्याचा नंबर तर कंपनीकडे कधी नव्हताच. तो मी तपासलाच नव्हता. पहिला खरा निघाला म्हणजे दुसराही खराच, असं धरून चालले.

आता मागे वळून पाहिलं की खुणा दिसतात. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, एका व्यक्तीचं आलं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत." पटलं आणि मी पिन दाबला. पावतीवर ऑफिसचा पत्ता ठाण्याचा होता, पण जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो नंबर टाकला असता तर कोणाच्या नावावर आहे ते मिनिटभरात कळलं असतं. ती पावती माझ्याकडे सप्टेंबरपासून पडून होती.

एजंटकडून बुकिंग करणं चूक नाही, पण निदान शेवटची रक्कम थेट जहाज कंपनीच्या खात्यात भरा. बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का, हे कंपनीला विचारा. आणि पूर्ण पैसे भरल्यावर पुन्हा फोन करून, "आता काही बाकी आहे का?" हा प्रश्न प्रत्येक नंबरसाठी विचारा. मी फोन केला तो बुकिंग झाल्यावर, पैसे भरल्यावर नाही.

धक्क्यावरच्या बाकावर बसूनच मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. तक्रार लगेच नोंदवून घेतली, पण पैसे जाऊन सहा आठवडे झाले होते. पैसे गेल्या गेल्या हा फोन झाला तर ते पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात. आमच्या बाबतीत एका खात्यात १८,४०० रुपये अडकलेले सापडले, तेही अजून हातात आलेले नाहीत. लक्षद्वीपला जायच्या परमिटच्या नावाखाली आमच्या आधारच्या प्रती आणि फोटोही त्याच्याकडे आहेत, म्हणून चौघांचंही आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं.

परतीच्या टॅक्सीत बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझ्यामुळे झालं, मी विमानात बसू शकलो असतो तर..." आईने त्यांचा हात धरून ठेवला होता. तुमचा काय दोष, एवढंच ती म्हणाली. त्या माणसाने नेलेल्या पैशांपेक्षा बाबांचं ते बोलणं मला जास्त लागलं आहे.

जानेवारीत फेसबुकवर पुन्हा तशीच जाहिरात दिसली. नाव वेगळं, नंबर नवा, फोटो मात्र तोच: पांढऱ्या कठड्याची बाल्कनी, दोन खुर्च्या, टेबलावर शहाळं. मी तिचा स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांना दिला आहे. कुणी तुम्हाला हा फोटो पाठवून बाल्कनीची केबिन देऊ केली, तर पैसे भरू नका.