एका फवारणीची गॅरंटी आणि बिनलेबलची बाटली

आमच्या मनीच्या अंगावर पिसवा झाल्या आहेत, हे मला माझ्याच घोट्यांभोवती उठलेल्या लाल पुळ्यांवरून कळले. ती शेपटीच्या मुळाशी सतत दात लावून खाजवत असे आणि तिच्या चादरीवर मिरपुडीसारखे काळे कण दिसू लागले होते. पशुवैद्यांकडे जाण्याऐवजी मी घरोघरी कीटकनाशक फवारणाऱ्या एका माणसाला बोलावले. त्याच्या युक्त्या कोणालाही पटतील अशा होत्या, कारण त्याने दाखवलेले बरेचसे खरे होते. त्याचा अर्थ मात्र त्याने खोटा सांगितला. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

आल्याबरोबर त्याने मनीच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर झटकले आणि मला नीट पाहायला सांगितले. थोड्याच वेळात प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. “ताई, हे हिचं रक्त आहे. विष अंगात भिनलंय, ते आता कातडीतून बाहेर पडतंय,” असे तो गंभीरपणे म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. ते कण म्हणजे पिसवांची विष्ठा असते, हे मला नंतर पशुवैद्यांकडून समजले. पिसू प्यायलेले बरेचसे रक्त न पचवताच बाहेर टाकते, त्यामुळे ओलावा लागताच तो कण विरघळून तांबडा होतो. मांजराच्या केसांत साधी धूळ आहे की पिसवांचा वावर आहे, हे घरच्या घरी ओळखण्याची ती उत्तम रीत आहे. त्याच डागाची भीती घालून त्याने मला ‘रक्तशुद्धी’ची पूड विकली. सुदैवाने मनीने त्या पुडीला तोंड लावले नाही.

त्यानंतर त्याने घरभर फवारणी केली, सतरंजीवर मरून पडलेल्या पिसवा मला दाखवल्या आणि “आता वर्षभर एकही दिसणार नाही” अशी तोंडी गॅरंटी दिली. मेलेल्या पिसवा डोळ्यांसमोर असताना शंका घेण्याचे मला काही कारण दिसले नाही. परंतु आपल्याला दिसतात त्या फक्त पूर्ण वाढलेल्या पिसवा असतात. मादी रक्त प्यायल्यानंतर एकदोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला 40 ते 50 पर्यंत अंडी घालू शकते. ती अंडी मांजराच्या अंगाला चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे बसते, झोपते आणि उडी मारते तिथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या फटींत आणि गालिच्याच्या धाग्यांत खोल शिरून पिसवांच्या त्याच वाळलेल्या विष्ठेवर वाढतात आणि शेवटी चिकट कोष विणतात. त्या कोषावर धूळ बसल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही आणि फवारणीचे औषधही आत पोहोचत नाही. पावलांची हालचाल, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत आतली पिसू आठवडेच काय, महिनेही थांबू शकते. एका फवारणीत पिसवा संपल्या, असे म्हणणारा माणूस एकतर अज्ञानी असतो किंवा खोटारडा. हा माणूस अज्ञानी नव्हता, कारण दहा दिवसांनी पिसवा पुन्हा दिसल्यावर मी फोन केला तेव्हा तो लगेच म्हणाला, “कोष फुटले असतील, दुसऱ्या फवारणीचे पैसे वेगळे पडतील.”

पैसे गेले त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. खरा घात वेगळाच होता. जाताना त्याने लेबल नसलेल्या छोट्या बाटलीतून मनीच्या मानेवर काही थेंब सोडले आणि ते ‘पूर्ण हर्बल’ असल्याचे सांगितले. त्याच रात्री मनीचे कान फडफडू लागले, तोंडातून लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले आणि पहाटेपर्यंत तिच्या सर्वांगाला झटके येऊ लागले. पशुवैद्यांनी लक्षणे पाहूनच परमेथ्रिनचा संशय घेतला. हे कीटकनाशक कुत्र्यांच्या काही औषधांत असते; कुत्र्याचे यकृत ते निष्प्रभ करू शकते, मांजराच्या यकृतात मात्र ती क्षमता फार कमी असते. त्यावर उतारा नाही. झटके थांबवण्याची औषधे देऊन, नंतर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने अंगावरचे औषध धुऊन, सलाईनवर ठेवून वाट पाहावी लागते. मनी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

घरातल्या पिसवा पुढे संपल्या, पण सावकाश. पशुवैद्यांनी वजन करून फक्त मांजरांसाठी असलेले थेंब दिले, तेही मनी पूर्ण सावरल्यानंतर. ते जिभेला पोहोचणार नाहीत अशा जागी, म्हणजे कवटीच्या खाली मानेवर, केस बाजूला करून थेट कातडीवर, दर महिन्याला सोडायचे होते. घरात दुसरे मांजर किंवा कुत्रा असता तर त्यालाही त्याच्या त्याच्या औषधाने सांभाळावे लागले असते. मनीचे अंथरूण मी 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धूत असे आणि सोफ्याखाली, भिंतीच्या कडेला रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवून त्यातली पिशवी लगेच घराबाहेर टाकत असे. व्हॅक्यूमच्या हादऱ्यानेही कोषांतल्या पिसवा बाहेर येतात, म्हणून सुरुवातीला त्या वाढल्यासारख्या दिसल्या तरी उपचार सोडायचा नाही, हे पशुवैद्यांनी आधीच बजावले होते. पूर्ण शांतता व्हायला तीन महिने लागले.

कोणी मांजराच्या अंगाला काही लावू पाहील तर आधी मूळ वेष्टन हातात घ्यावे आणि त्यावर मांजराचा स्पष्ट उल्लेख, वजनाची मर्यादा व औषधी घटकाचे नाव छापलेले आहे का, ते स्वतः वाचावे. ‘हर्बल’ या शब्दाने निश्चिंत होऊ नये; टी ट्री तेलासारखी वनस्पतीजन्य तेलेही मांजराला विषारी ठरतात. थेंब सोडल्यावर कंप किंवा लाळ दिसली, तर सकाळची वाट न पाहता ती बाटली घेऊन पशुवैद्यांकडे निघावे.

दोन आठवड्यांनी सोफ्याखाली व्हॅक्यूम फिरवताना मला चंदेरी पाकिटाचा कापलेला तुकडा सापडला. त्यावर कुत्र्याचे चित्र होते आणि खाली बारीक अक्षरांत परमेथ्रिन असे लिहिले होते. त्याचा फोटो मी त्या माणसाला पाठवला. तेव्हापासून त्याचा नंबर लागत नाही. तो तुकडा मी मनीच्या उपचारांच्या कागदांना टाचून ठेवला आहे.