नॅरोबोटवरची वीज: इंजिनचा अल्टरनेटर की छतावरचं सोलर?

इंग्लंडच्या कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या नॅरोबोटीत बारमाही राहणारे बरेच लोक आहेत. दिवे, पाण्याचा पंप, फ्रीज हे सगळं बहुधा १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतं. त्या भरायच्या कशा, हा खरा प्रश्न.

बोट रोज पुढे जात असेल तर अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची, वीज जवळपास फुकटच. शिवाय इंजिनच्या उष्णतेवर गरम पाणीही मिळतं. पण एका जागी थांबून केवळ चार्जिंगसाठी डिझेल जाळणं मला पटत नाही. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते, पुढे मात्र करंट उतरत जातो. ७० अँपिअरचा अल्टरनेटर असला तरी बॅटरी शेवटी पाच-दहा अँपिअरच घेते आणि त्यासाठी इंजिन तासन् तास धडधडत राहतं. चार्जिंग अर्धवट सोडलं की प्लेटांवर सल्फेट साचतं, बॅटरी लवकर मरते. शिवाय रात्री ८ ते सकाळी ८ शेजारच्या बोटींना ऐकू जाईल असं इंजिन चालवायचं नाही, हा नियम आहेच, आणि तो योग्यच आहे.

हा शेवटचा संथ टप्पा सोलर आवाज न करता पार पाडतं. छतावर ४०० वॅटचे पॅनल आडवे टाकले तर जूनमध्ये दिवसाला दीड-दोन युनिट सहज मिळतात. डिसेंबरात पाव युनिटसुद्धा मुश्कील! झाडाखाली बोट बांधली तर उन्हाळ्यातही तीच गत.

म्हणून मार्च ते ऑक्टोबर सोलर, आणि थंडीत सकाळी इंजिन, दुपारी पॅनल.