वाळवीच्या नावाखाली 17,300 रुपये लुबाडले, तुम्ही सावध राहा

घरात वाळवी लागली म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावणार असाल, तर आधी हे वाचा. आमचे 17,300 रुपये गेले आणि वाळवी आहे तिथंच आहे. उलट वाढलीये.

ठाणे जिल्ह्यात तळमजल्यावर आमचा वन बीएचके आहे. पावसाळ्याच्या तोंडावर स्वयंपाकघराच्या चौकटीवर मातीच्या रेघा दिसल्या. रॉकेल लावून झालं, दुकानातला स्प्रे मारून झालं, रेघा परत हजर. मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर एक जाहिरात आली. नाव एका मोठ्या कंपनीसारखंच, एका अक्षराचा काय तो फरक. असल्या जाहिराती पैसे भरून वर आणलेल्या असतात, हे ध्यानात ठेवा. फोनवर भाव सांगितला 2,200 रुपये.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. दोन पोरं ड्रिल घेऊन आली, चौकट ठोकून पाहिली आणि चेहरा पाडून म्हणाली, ‘ताई, वाळवी फरशीखाली गेलीये. स्प्रेनं काही होणार नाही.’ भाव होलवर आहे हे सांगितलं ते हॉलमध्ये ड्रिल सुरू झाल्यावर. एका होलचे 40 रुपये. कपाट भिंतीपासून ओढलेलं, गाद्या खोलीच्या मधोमध, फरशीला होल पडलेले, अशा वेळी त्यांना बाहेर कसं काढायचं? 310 होलचे 12,400. कपाटाला जेल लावलं त्याचे 1,800. पाच वर्षांच्या हमीचं कार्ड 2,500. एकूण 16,700. पक्कं बिल हवं असेल तर वर 18 टक्के, म्हणजे आणखी 3,006 रुपये, असं म्हणाले. म्हणून साध्या पावतीवर भागवलं. पक्कं बिल न देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आता जी गोष्ट आठवली की अजून संताप होतो ती सांगते. त्यातल्या एकानं आमच्याच बाथरूममधली वीस लिटरची बादली नळाखाली भरली. पिशवीतून लेबल नसलेली प्लॅस्टिकची बाटली काढली आणि दोन-तीन झाकणं बादलीत ओतली. मी दारातच उभी होते. पाणी जसं होतं तसंच राहिलं. बादलीचा तळ, तळावरचा कंपनीचा शिक्का, सगळं स्वच्छ दिसत होतं.

वाळवीवर मारतात ते क्लोरपायरिफॉस 20 ईसी (20 टक्क्यांचं औषध) पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. एक लिटर औषधाला 19 लिटर पाणी हे त्याचं प्रमाण. वाळवीचंच दुसरं औषध इमिडाक्लोप्रिड, त्याला फारसा वास नसतो, पण त्यानंही पाणी पांढुरकं होतं. मी विचारलं होतं, ‘वास कसा नाही?’ तो म्हणाला, ‘ताई, हर्बल आहे. आजोबांना त्रास नको म्हणून मुद्दाम हेच आणलं.’ सासऱ्यांना दमा आहे. ते आतल्या खोलीत खोकत होते, ते त्यानं ऐकलं होतं. ज्याच्या घरात दम्याचा माणूस आहे त्याला हे वाक्य खरंच वाटणार. मला वाटलं, आणि त्याबद्दल मी कुणाचं बोलणं ऐकून घेणार नाही.

इमारत बांधून झाल्यावर करायच्या वाळवी प्रतिबंधासाठी भारतीय मानक आहे, 6313, भाग 3. त्यात होलमधलं अंतर 300 मिलिमीटर, म्हणजे साधारण फूटभर, आणि एका होलमध्ये जास्तीत जास्त लिटरभर द्रावण, असं दिलंय. आमच्याकडे सहा-सहा इंचांवर होल मारले, कारण होल दुप्पट तर पैसे दुप्पट. आणि एवढ्या 310 होलना मिळून एक बादली! वर पांढरं सिमेंट फासलं की आत काय गेलं ते कुणाला दिसतंय?

दोन महिन्यांत चौकट अंगठ्यानं दाबली तर पापडासारखी मोडली. आत नुसती माती आणि पांढरे किडे. कपाटाची मागची प्लाय गेली, खालच्या कप्प्यातली फ्लॅटच्या कराराची फाइल कडेनं कुरतडली. कार्डावरचा नंबर बंद. दुसऱ्या नंबरवर एक बाई बोलल्या, हमीतली व्हिजिट आहे पण नोंदणीचे 600 आधी भरा. भरले. कुणी आलं नाही. पैसे गेले ते कंपनीच्या नाही, कुणा एका माणसाच्या खात्यावर. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं ते पैसे पाठवण्याआधी वाचा. कार्डावरच्या पत्त्यावर मोबाइल कव्हरचं दुकान निघालं.

पोलीस चौकीत उत्तर मिळालं, ‘काम तर झालंय ना? मग हे दिवाणी प्रकरण.’ अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. कीटकनाशक कायदा 1968 सालचा आहे, त्याच्या कलम 13 नुसार पैसे घेऊन कीटकनाशक मारणाऱ्याला परवाना लागतो आणि तो कृषी खातं देतं. म्हणून तिथं गेले. तालुक्याला म्हणाले, आम्ही शेतकऱ्यांचं बघतो, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणाले, त्याच्याकडे परवाना असता तर आम्ही रद्द केला असता, परवानाच नाही तर पोलिसांकडे जा. पोलिसांनीच परत पाठवलंय म्हटल्यावर साहेबांनी पावती हातात घेतली आणि विचारलं, ‘बादलीत नुसतं पाणी होतं असं तुमचंच म्हणणं आहे ना? मग कीटकनाशक वापरलं कुठं? आमचा कायदा लागूच होत नाही.’ हे माझ्या तोंडावर! टेबलावर चहा, वर पंखा, आणि समोर पगार घेणारा माणूस मला सांगतोय की चोरानं पाणी विकलं म्हणून तो सुटला. विनापरवाना धंदा हाच गुन्हा आहे, हे त्यांना मी सांगायचं का? मी लेखी उत्तर मागितलं, ते आजतागायत आलेलं नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण नोटीस बजावायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच परवान्याची झेरॉक्स मागा आणि आलेल्या पोराच्या आधारकार्डाचा फोटो काढा. चिडला तर चिडू दे. औषधाचा डबा सीलबंद हवा, त्यावर नोंदणी क्रमांक हवा आणि तो तुमच्यासमोर फुटला पाहिजे. होलचा भाव ड्रिल लागण्याआधी कागदावर लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात शेजारच्या सोसायटीच्या गेटवर एक पत्रक लागलं होतं. कंपनीचं नाव नवं, पण पैसे भरायचा क्यूआर कोड त्याच माणसाच्या नावाचा. मी ते काढलं, माझ्या पावतीची प्रत तिथल्या सेक्रेटरींना दिली आणि दोन्ही कागद जोडून पोलिसांकडे पुन्हा अर्ज केला. या वेळी पोचशिक्का घेतल्याशिवाय तिथून उठले नाही.