२८ फुटांचा पाइप अ‍ॅक्टिव्हावर येत नाही

धुरांड्यात पाइप बसवून देतो म्हणणाऱ्याच्या घशात १,००,००० रुपये गेले. ४०,००० अ‍ॅडव्हान्स यूपीआयने, ३५,००० रोख, मग पुन्हा २५,००० यूपीआयने. कोटेशन १,०७,२०० चं होतं. उरलेले ७,२०० काम बघून देते म्हटलं होतं, तेवढेच वाचले. बँकेत आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्यात मी, त्यामुळे घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही. मुलीला वाटतं साठ हजारच गेले.

नागपुरात फायरप्लेस कशाला, असं विचारणाऱ्यांनी डिसेंबर २०१८ आठवावा. पारा ३.५ अंशांवर गेला होता. आमचं घर जुनं, बैठकीत विटांची फायरप्लेस आणि वर धुरांडं पहिल्यापासूनच आहे. सासूबाईंचे गुडघे थंडीत आखडतात. उघड्या फायरप्लेसची बरीचशी ऊब धुराबरोबर वर निघून जाते, म्हणून तिच्यात बसणारी काचेच्या दाराची लोखंडी शेगडी, इन्सर्ट, घेतली. ती ९२,००० ची, दुसरीकडून, पक्क्या बिलावर. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती धुरांडं तयार करून देणाऱ्याबद्दल.

इन्सर्ट नुसतं आत ढकलून भागत नाही. जुनं धुरांडं रुंद असतं, त्यात धूर थंड पडतो आणि विटांवर क्रिओसोटचा काळा चिकट थर बसतो. तो पेटला की आग थेट छतापर्यंत. म्हणून शेगडीच्या तोंडापासून वरच्या टोपीपर्यंत स्टेनलेसचा सलग लायनर, म्हणजे धुराचा आतला पाइप, सोडावा लागतो. हे सगळं मी आधी वाचून ठेवलं होतं, म्हणजे अगदीच डोळे मिटून पैसे दिले असं कोणी समजू नये. ६ इंची, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा लायनर, २८ फूट, फुटाला १,६५० प्रमाणे ४६,२००. धुरांड्याच्या गळ्याशी पत्र्याची प्लेट आणि इन्सुलेशन १४,५००. फायरब्रिक आणि फायरक्लेची, म्हणजे आगीला टिकणाऱ्या विटा-मातीची, दुरुस्ती १८,०००. जाळीची टोपी ६,५००. मजुरी २२,०००. कोटेशन मीच ओळीओळीने लिहून घेतलं. जीएसटी नंबर तेवढा विचारला नाही, कारण माणूस ओळखीतून आलेला. मोबाइलवर चिखलदऱ्याच्या बंगल्यांचे फोटो दाखवत होता, एकाहून एक सुंदर. (तुम्हाला कोणी फोटो दाखवले तर मालकाचा नंबर मागा आणि तिथल्या तिथे फोन लावा.)

आता ती सकाळ. मी भाजी घेऊन आले तर गेटशी त्याची अ‍ॅक्टिव्हा. पायाशी गोणपाटात गुंडाळलेले पाइपचे दोन तुकडे, एक चार फुटांचा, एक त्याहून आखूड. मी विचारलं, बाकीचा कुठे? "काकू, टेन्शन कायले घेता? बाकीचा सकाळीच वरून सोडला ना, हे जोडाचे तुकडे होय." आणि मी हो म्हटलं! धुरांड्यात वाकून बघायला सासूबाईंना सांगणार होते का मी? हे ऑफिसला गेलेले, गच्चीची शिडी मला चढवत नाही. तरी रोज डोळ्यांसमोर ती अ‍ॅक्टिव्हाच येते. सबंध लायनर आला असता तर त्याचं मोठं वेटोळं टेम्पोतून उतरलं असतं, गल्लीभर लोकांनी पाहिलं असतं. त्याच संध्याकाळी मी २५,००० पाठवले. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं. "बायकोचं खातं होय" म्हणाला. बँकेतल्या बाईने हे ऐकून घेतलं.

पहिल्यांदा शेगडी पेटवली तेव्हा खाली सगळं छान. वरच्या खोलीत कपाट उघडलं तर साड्यांना धुराचा वास, मागची भिंत हाताला गरम. विटांमधल्या चुन्याच्या दरजा कधीच झडलेल्या, त्यांतून धूर खोलीत झिरपत होता. तिथे सासूबाई झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेगडी लाकडाची असो नाहीतर कोळशाची, खोलीत त्याचा अलार्म लावा, मग पुढचं बोला.

भाच्याने वरून दोरीला मोबाइल बांधून, टॉर्च लावून, व्हिडिओ चालू ठेवून आत सोडला. टोपीखाली जेमतेम तीन फूट पाइप. त्याखाली काळ्या विटा, आणि वळणाच्या कपारीवर कबुतराचं घरटं, काड्या, पिसं, अंड्याचं टरफल, सगळं जागच्या जागी. लायनर गेला असता तर घरटं राहिलं असतं का? गळ्याची प्लेट काढली तर तेलाच्या डब्याचा पत्रा, छापील अक्षरं आतल्या बाजूला वळवलेली. फायरक्लेऐवजी साधं सिमेंट, तडकलेलं. खालच्या तुकड्याला फ्रिजवरचं चुंबक लावलं, टक्कन चिकटलं. म्हणजे जीआय, जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, त्याच्यावरचं जस्त फार तापलं की धूर विषारी. ३१६ ला चुंबक धरत नाही. पण नाही धरलं म्हणजे ३१६ च, असंही नाही, तेव्हा टेस्ट सर्टिफिकेट मागाच.

मग पोलीस ठाणे. "मॅडम, इथं उन्हाळ्यात डांबर वितळते, अन् तुम्ही फायरप्लेस लावून राहिल्या?" हसले. मग म्हणे हा दिवाणी मामला. ४२० लावा म्हटलं तर, ते कलमच बंद झालं. कलम बंद झालं, फसवणूक बंद झाली का? १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आहे, हे मी सांगायचं? साहेब अधिवेशनाच्या बंदोबस्तात. अधिवेशन संपलं तर थर्टी फर्स्टचा बंदोबस्त. तो संपला तर अर्ज सापडेना! नशीब मी पोच घेतली होती, शिक्क्यासकट. तुम्हीही घ्या, शिक्का दिल्याशिवाय खुर्ची सोडू नका. दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं की धुरांडं आमच्या विषयात येत नाही. मग कोणाच्या विषयात येतं? घर जळल्यावर येईल बहुतेक.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. कोटेशनची प्रत, यूपीआयच्या नोंदी, भाच्याचा व्हिडिओ असं सगळं जोडलंय. रोख दिलेल्या ३५,००० चा कागद मात्र नाही, आणि वकील सगळ्यात आधी तेच विचारतो. रोख देऊच नका. दिलीच तर वहीच्या पानावर का होईना, सही घ्या.

त्याचा फोन अजून चालू आहे, माझा तेवढा उचलत नाही. परवा भाच्याच्या मोबाइलवर त्याचं स्टेटस पाहिलं, तर माझ्याच फायरप्लेसचा फोटो, वर "फुल लायनर वर्क". तो बघून कोणी पैसे दिले असतील किंवा द्यायच्या बेतात असाल, तर आधी मला कळवा. एकाच माणसाविरुद्ध सारखीच तक्रार असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र दाखल करता येते.