बडोद्यात विकला जाणारा ‘बुडालेल्या जहाजाचा कोर्स’

दांडिया बाजारातल्या काही मराठी घरांनी मिळून बालीची सहल घेतली. पत्रकावर ठळक अक्षरांत होतं, ‘रेक डायव्हिंग कोर्स, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटसह’. रेक डायव्हिंग म्हणजे बुडालेलं जहाज बघायला पाण्याखाली जाणं. दोन संध्याकाळी बडोद्यातल्याच तरणतलावात शिकवणी आणि मग बालीतल्या तुलांबेनला, बुडालेल्या लिबर्टी जहाजावर डाइव्ह. निम्मे पैसे आगाऊ, यूपीआयने. मंडळी गेली, जहाज बघून खुशीत परतली. फसलो हे कळायला पुढची अंदमानची सहल उजाडावी लागली. तिथल्या डाइव्ह सेंटरने सर्टिफिकेट म्हणून मिळालेलं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि परत हातात ठेवलं.

ही चलाखी चालते ती जहाज ज्या जागी बसलंय तिच्यामुळे. लिबर्टी हे सुमारे 120 मीटर लांबीचं अमेरिकी मालवाहू जहाज. जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते निकामी झालं, तेव्हा त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. 1963 मध्ये बालीतल्याच आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते घसरून पाण्यात गेलं. आज ते काठापासून थोड्याच अंतरावर काळ्या वाळूच्या उतारावर पडलं आहे. वरचा भाग जेमतेम 5 मीटरवर, तळ 30 मीटरच्या आसपास. कार्ड नसलेल्या नवख्यालाही इन्स्ट्रक्टर सोबत घेऊन 12 मीटरपर्यंत नेऊ शकतो. याला ‘डिस्कव्हर स्कूबा’ म्हणतात, आणि तो कोर्सपेक्षा बराच स्वस्त असतो. म्हणजे पैसे घेतले कोर्सचे आणि दिली नुसती चव. जहाज तर दिसलंच, मग तक्रार कोण करणार?

खरा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट देणारा कोर्स, नुसत्या तलावात संपतच नाही. तलावातल्या सरावानंतर खुल्या पाण्यात चार डाइव्ह लागतात. 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं, ही परीक्षा असते. पाण्याखाली मास्क काढून पुन्हा चढवणं, त्यातलं पाणी नाकातून हवा सोडून बाहेर काढणं, सुटलेला रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं साधन) शोधून तोंडात घेणं, हवा संपली तर जोडीदाराकडून घेणं, हे सगळं स्वतः करून दाखवावं लागतं. एवढं झाल्यावर परवानगी 18 मीटरची. 30 मीटरसाठी पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स. जहाजाच्या पोटात शिरायचं तर वेगळंच शिक्षण. आत फिनचा (पायातल्या रबरी पंखाचा) एक चुकीचा फटका बसला की गाळ उठतो, टॉर्चच्या उजेडात पांढरं धुकं दिसतं आणि दार सापडत नाही. म्हणून रीळवरची दोरी बाहेर बांधून, तिच्यावरचा हात न सोडता आत जातात. दोन संध्याकाळींत हे शिकवणारा मास्तर जन्माला यायचाय.

त्या कार्डाचं सांगायचं तर लॅमिनेट केलेला कागद, त्यावर फोटो आणि टूरवाल्याचा शिक्का. डायव्हरचा क्रमांक नाही, इन्स्ट्रक्टरचाही नाही. पाडी असो की एसएसआय, डायव्हिंगची सर्टिफिकेटं देणाऱ्या या संस्थांच्या कोर्सची नोंद संस्थेकडे होते, आणि कार्ड तुमच्या स्वतःच्या खात्यात डिजिटल स्वरूपात दिसतं. पैसे भरण्याआधी इन्स्ट्रक्टरचा क्रमांक मागा आणि संस्थेकडे पडताळा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच घरी या.

वैद्यकीय फॉर्मवर सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’च्या खुणा आधीच छापलेल्या होत्या. पैशांच्या फसवणुकीपेक्षा हे कितीतरी वाईट. दम्याच्या माणसाच्या फुप्फुसात हवा अडकली आणि तो तसाच वर आला, तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. त्यातल्या काही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं लागतं.

कार्यक्रमपत्रिका नीट वाचली तरी पितळ उघडं पडतं. शेवटच्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह आणि रात्री विमान! एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायचं असतं. अंगात मुरलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे करतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर पाण्यात उतरू नये. शिवाय मुक्काम बालीच्या दक्षिणेला, कुटाला होता. तिथून तुलांबेन अडीच-तीन तास, म्हणजे पोहोचेपर्यंत जहाजावर माणसांचीच गर्दी.

पावतीवर या लोकांना फक्त ‘वॉटर स्पोर्ट्स अॅक्टिव्हिटी’ लिहून मिळालं. कोर्सचं पूर्ण नाव, संस्था, समुद्रातल्या डाइव्हची संख्या पावतीवरच लिहून घ्या. पत्रक आणि व्हॉट्सअॅपवरची बोलणी जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.