स्नीकी पीट की रस्टी यंग: आधी कोणाचं स्टील ऐकावं?

हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माझ्या ओळखीच्या दोघांनी या वर्षात एकच प्रश्न विचारला. कंट्री रॉकमधलं पेडल स्टील, म्हणजे आडवं ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत आणि पेडलने तारा ताणत वाजवायचं गिटारसारखं वाद्य, कानात मुरवायचं आहे, जमलं तर एखादा तुकडा बसवायचाही आहे, तर सुरुवात फ्लाइंग बरीटो ब्रदर्सच्या स्नीकी पीटपासून करावी की पोकोच्या रस्टी यंगपासून? दोन्ही बँड लॉस एंजेलिसचे, दोघांच्याही पहिल्या रेकॉर्ड 1969 सालच्या. मी या निवडीत जवळजवळ दोन वर्षं घालवली आहेत. माझ्या कानाला जे वाटलं ते सांगतो, तुमच्या कानाला वेगळं वाटू शकेल.

आधी रस्टी. सहाव्या वर्षी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं बिनपेडलचं स्टील, हातात घेतलेला, कोलोरॅडोत वाढलेला आणि शाळेत असतानाच शिकवण्या करणारा हा माणूस. 1968 मध्ये तो बफेलो स्प्रिंगफील्डच्या ‘काइंड वूमन’ या गाण्यात वाजवायला आला. तो बँड फुटत होता, आणि त्यातल्या रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांच्याबरोबर पोको उभा राहिला. ‘काइंड वूमन’मधलं त्याचं स्टील मी किती वेळा ऐकलं असेल! चांगला पेटीवाला गायकाच्या वाटेत न येता ओळीचं शेवटचं टोक अलगद उचलून धरतो ना, तसं ते आहे. हात स्वच्छ, सूर नेमका. पोकोच्या पहिल्या रेकॉर्डवरची ‘ग्रँड जंक्शन’ ही शब्दांविना वाजणारी रचना ऐकली की त्याच्या बोटांची तयारी कळते. तयारीच्या मापाने पाहिलं तर रस्टीचं पारडं जड आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरी मी त्याच्यापाशी थांबू शकलो नाही, आणि त्याला कारण ठरला लेस्ली स्पीकर.

लेस्ली हा मुळात हॅमंड ऑर्गनचा सोबती. त्यातला कर्णा गोल फिरतो, त्यामुळे आवाज कानाकडे येतो आणि लांब जातो, आणि सूर किंचित वरखाली हलत राहतो. रस्टीने आपलं स्टील त्यातून काढलं. ही मोठी कल्पना होती, कोणीही नाकारणार नाही. ऑर्गनवाल्याशिवाय बँडमध्ये ऑर्गन वाजू लागला. पण 1970 च्या दुसऱ्या रेकॉर्डवरचा तो अठरा मिनिटांचा लांबलचक तुकडा लावून मी मांडीवर गिटार घेऊन बसलो, तेव्हा माझी पुरती अडचण झाली. सूर हलतोय तो त्याच्या डाव्या हाताने की फिरणाऱ्या कर्ण्याने, हेच कळेना. बार कुठून निघाला, कुठे थांबला, मधे किती रेंगाळला, सगळं त्या घुमण्यात विरघळून जायचं. तोच अर्धा मिनिट मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायचो आणि दर वेळी माझ्या वहीत वेगळे सूर उतरायचे. एका रात्री तर घरच्यांनी येऊन विचारलं, हा ऑर्गन कोण वाजवतंय? त्या प्रश्नाने माझा निर्णय झाला.

माझ्यासारख्याचा कान मुळात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, शोधतो. ब्रिजभूषण काबरांनी आडव्या गिटारवर राग मांडले, व्हॅन शिप्लेंनी त्याच वाद्यावर हिंदी सिनेमातली गाणी गाऊन दाखवली. त्या दोघांवर वाढलेल्या कानाला दोन सुरांमधली वाट दिसली नाही की चुकल्यासारखं होतं.

आता पीट. पीट क्लाइनोचा जन्म 1934 चा, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा. बरीटो ब्रदर्समध्ये आला तेव्हा तो चौतिशीत होता, बँडमधल्या पोरांपेक्षा बराच मोठा. पोटापाण्याचा धंदा वेगळाच होता. ‘गंबी’सारख्या मालिकांसाठी मातीच्या बाहुल्या फ्रेमगणिक केसभर हलवून त्यांना चालवायचं, हे त्याचं काम. पहिल्या रेकॉर्डच्या, ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’च्या मुखपृष्ठावर सगळे नूडी कोहन या शिंप्याच्या भरतकामाच्या कपड्यांत उभे आहेत, आणि पीटच्या अंगावर मोठा थोरला टेरोडॅक्टिल, म्हणजे प्राचीन काळचा उडणारा सरपटी प्राणी, आहे. पडद्यावर असले प्राणी हलवणाऱ्याने तोच निवडावा, हे मला फार आवडतं.

त्याने काय केलं? स्टीलला फझ लावला. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचा तो खरखरीत आवाज कंट्री संगीताच्या गावच्या, नॅशव्हिलच्या गोड वाद्यातून काढला, आणि एकावर एक थर देऊन रेकॉर्ड केला. ‘क्रिस्टीन्स ट्यून’ लावा, किंवा ‘हॉट बरीटो नंबर 2’. पहिल्यांदा ऐकताना कानाला बोचतं, हे खरं आहे. मलाही पहिला आठवडा ते जास्तच झालं होतं. पण फझमध्ये एक गोष्ट घडते जी लेस्लीत घडत नाही. सूर छेडल्यावर जो विझत जातो, तो फझमध्ये सपाट दाबला जातो आणि लांबवर टिकून राहतो. त्यामुळे बार सरकत असताना शेवटच्या टोकापर्यंत त्याचा प्रवास ऐकू येतो. मींड झाकली जात नाही, उलट ठळक होते. भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक सूर, मात्र फझमध्ये चिखल होतात, आणि म्हणूनच की काय, अशा जागी पीट एक-दोन तारांवर गातो. एक-दोन तारांची ओळ कानाने उचलता येते. माझ्या वहीत तीन दिवसांत ‘व्हील्स’मधल्या जागा उतरल्या. रस्टीच्या त्या तुकड्याला मी तीन महिने दिले होते.

पीट म्हणजे नुसती खरखर, असंही समजू नये. गायिका जोनी मिचेलच्या 1971 च्या ‘ब्लू’ रेकॉर्डवर ‘कॅलिफोर्निया’ ऐका. तिथे त्याचं स्टील इतकं हळुवार आहे की तोच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही.

पीटच्या बाजूची अडचणही सांगायला हवी. जगातले बहुतेक पेडल स्टीलवाले ई नाइन जुळणीवर (जुळणी म्हणजे तारा कोणत्या सुरांत लावायच्या ती रीत) वाजवतात, शिकवण्या आणि पुस्तकंही त्याचीच. पीट वाजवायचा बी सिक्स, आणि वाद्य फेंडर कंपनीचं, आठ तारांचं, पेडल केबलने ओढणारं. नवं दहा तारांचं वाद्य घेऊन रीतसर शिकणार असाल तर रस्टीच कदाचित सोयीचा पडेल. पण आडव्या गिटारवरून येणाऱ्याला मला वाटतं उलट आहे. बी सिक्स म्हणजे पांढरी सातच्या पट्टीत सा, ग, प आणि ध. हवाईयन गिटारच्या जुन्या सी सिक्स जुळणीची ही सख्खी बहीण. धैवत हाताशी असल्यामुळे भूपाच्या अंगाने जाणाऱ्या ओळी तर आपोआप सापडतात.

पीटने 1971 मध्ये बँड सोडला आणि पुढे सिनेमाच्या कामात रमला. ‘द विंड्स ऑफ वॉर’ या मालिकेसाठी त्याला एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं, ‘टर्मिनेटर’च्या पहिल्या दोन्ही सिनेमांत त्याचा हात होता. रस्टी मात्र पोकोला धरून राहिला, अगदी 2021 मध्ये जाईपर्यंत. ज्याला एका माणसाची पन्नास वर्षांची वाट सलग ऐकायची आहे, त्याला रस्टीकडे जास्त मिळेल. पीटचा ऐन बहर दोन-तीन रेकॉर्डमध्ये संपतो.

तरीही मला कोणी विचारलं तर मी ‘गिल्डेड पॅलेस’ हातात ठेवतो. ‘सिन सिटी’ने सुरुवात करा, तिथे फझ जाचत नाही, मग ‘व्हील्स’वर या. रस्टीला सोडायचं मुळीच नाही, फक्त नंतर घ्यायचं. मी वर्षभर पीट वाजवल्यावर पोकोचा तो अठरा मिनिटांचा तुकडा पुन्हा लावला. या वेळी घुमणाऱ्या कर्ण्याच्या आत कुठेतरी रस्टीचा बार सरकताना ऐकू आला. सगळीकडे नाही, तीन-चार जागी.