हायकू आर१ बीटा ५: ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवा, वायफाय चिप बघून घ्या

सांगलीत नवा पीसी असेंबल करायला गेलात की दुकानदार आधी विचारणार, ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकू? मशीन हायकू या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी असेल तर सरळ सांगा, नको. कार्डाची थ्रीडी ताकद सप्टेंबर २०२४ च्या बीटा ५ ला वापरताच येत नाही, स्क्रीनवरचं सगळं प्रोसेसरच रंगवतो. अंगचं ग्राफिक्स असलेला सहा-आठ कोअरचा रायझन, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी, एवढं भरपूर झालं. रेझोल्यूशन बहुधा यूईएफआय (बोर्डातली मशीन सुरू करणारी प्रणाली) देईल तेच मिळतं आणि दुसरा मॉनिटर चालत नाही.

एवढ्या मशीनवर ही सिस्टिम खरोखर झपाट्यानं चालते. हायकूचा पूर्वज बीओएस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. ती ज्यावर चालायची त्या १९९५ च्या बीबॉक्स संगणकामध्ये पॉवरपीसी ६०३ चे दोन प्रोसेसर होते आणि बीओएसची घडण तेव्हापासूनच अनेक प्रोसेसर धरून झाली. प्रत्येक विंडोला स्वतंत्र थ्रेड (प्रोसेसरवर वेगळी चालणारी कामाची धार) असल्यामुळे एक प्रोग्रॅम अडकला तरी बाकीचे हलत राहतात. मात्र कोअर दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. मोठा सोर्स कोड कंपाइल करायला लावा, कर्नलमधल्या (सिस्टिमच्या गाभ्यातल्या) लॉकपाशी, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपापाशी, थ्रेड खोळंबतात आणि त्याच मशीनवरचं लिनक्स पुढे निघून जातं. कर्नलची मर्यादा ६४ लॉजिकल प्रोसेसरची, म्हणजे प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेल्या ६४ थ्रेडची आहे. १२८ थ्रेडचा थ्रेडरिपर आणलात तर निम्मे थ्रेड बिनपगारी रजेवर! हौस म्हणून हायकूतल्या प्रोसेसकंट्रोलर या प्रोग्रॅममधून एकेक कोअर बंद करून फरक बघता येतो, तेवढी गंमत आहे.

खरी डोकेदुखी नेटवर्कची. इंटेल एएक्स२०० आणि एएक्स२१० या वायफाय चिपना ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून आणलेला ड्रायव्हर आहे. एएमडीच्या अनेक बोर्डांवर मात्र मीडियाटेकची चिप येते आणि तिथे बीटा ५ हात टेकतो. त्यामुळे बोर्डाच्या खोक्यावर फक्त ‘वायफाय ६’ वाचून पैसे देऊ नका, चिपचं नाव विचारा. अडलंच तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट वापरा, ते चालतं. आवाजासाठी मागची ३.५ मिमी पिन बरी, एचडीएमआयवर विसंबू नका.

इन्स्टॉल करताना बायोसमध्ये सिक्युअर बूट आधी बंद करायचं. ६४ बिट इमेज पेनड्राइव्हवर डीडी पद्धतीनं (इमेज जशीच्या तशी उतरवून) लिहा, नुसती फाइल कॉपी करून बूट होत नाही. ड्राइव्हसेटअप या हायकूतल्या डिस्क विभागायच्या प्रोग्रॅममध्ये जीपीटी (पार्टिशनची यादी) करून एक छोटं ईएफआय पार्टिशन फॅट३२ मध्ये आणि उरलेली जागा बीएफएस या हायकूच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करा. आता अनेकांची गाडी अडते ती जागा: इन्स्टॉलर बूट लोडर (सिस्टिम सुरू करून देणारी फाइल) ईएफआय पार्टिशनवर स्वतः ठेवत नाही. सिस्टिमच्या डेटा फोल्डरमधल्या प्लॅटफॉर्म लोडर्समधली हायकू लोडरची ईएफआय फाइल तुम्ही उचलायची, त्या पार्टिशनवर ‘ईएफआय’ आणि त्यात ‘बूट’ असं फोल्डर करून तिथे ‘बूटएक्स६४.ईएफआय’ या नावानं ठेवायची. हे राहिलं की पेनड्राइव्ह काढल्यावर मशीन ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणतं आणि लोक एसएसडीला दोष देतात.

बूट होताना चिन्हांची रांग मध्येच थांबली तर सुरुवातीलाच शिफ्ट किंवा स्पेस दाबून मेनू उघडा आणि ऑन-स्क्रीन डीबग आउटपुट चालू करा. कुठे अडलं ते शेवटच्या ओळींत दिसतं. बूट व्हॉल्यूम सापडत नसेल तर आधी पेनड्राइव्ह यूएसबी २ च्या पोर्टात लावून बघा.

मराठीचं काय? सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, कारण तिथे अक्षरजुळणीची सोयच नाही. लिब्रेऑफिस आणि फाल्कन ब्राउझर आपली जुळणी स्वतः करतात, तिथे मजकूर नीट दिसतो. दोन्ही हायकूडेपोत, म्हणजे हायकूच्या अ‍ॅप दुकानात, आहेत.

उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा बीएफएसचं जर्नल (बदलांची नोंदवही) फाइल सिस्टिमची रचना सांभाळतं, पण लिहिणं अर्धवट राहिलेल्या फाइलची हमी नाही, म्हणून यूपीएस हवाच. मशीन झोपवून ठेवायचीही सोय नाही, काम झालं की सरळ शटडाउन करा. बूट व्हायला वेळ असा लागतच नाही.

रोजच्या बँकेच्या कामाला किंवा व्हिडिओ कॉलला हे घेऊ नका. सिस्टिमचा कोड वाचायचा, त्यात हात घालायचा असेल तर फुकट मिळणाऱ्या सिस्टिममध्ये इतकी सुटसुटीत दुसरी सहसा सापडणार नाही.